वीस प्राणांचा खेळ

आपल्या मराठी खेळांत मरण फार स्वस्त आहे. दिवाळीच्या सुट्टीत सोंगट्यांचा पट अंथरला, की घटकाभरात घरातली सर्वांत सोशिक आजीसुद्धा "मेली ग बाई तुझी हिरवी!" म्हणून आनंदाने टाळी देते. बुद्धिबळात तर घोडे, उंट, हत्ती यांचा सरसकट संहारच चालतो. आणि हे सगळे मारणारे व मार खाणारे दिवेलागणीला एकाच ताटातल्या चकल्या मोडीत बसतात. ह्या मरणाचे कोणाला काही वाटत नाही, ह्याचे कारण उघड आहे. मरते ती सोंगटी, मरते ते प्यादे. खेळणारा नुसता हरतो. बुद्धिबळातल्या राजालाही कोणी मारीत नाही. त्याला शह देतात, कोंडतात, मात करतात आणि तेथेच डाव थांबतो. हुतूतूची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

हरणे आणि मरणे ह्यांतले हे अंतर एका नव्या पत्त्यांच्या खेळाने पुसून टाकले आहे. नवा म्हणायचा तो आपल्याकडे. त्याला आता तीस वर्षे उलटून गेली. ह्या खेळात सोंगटी तर मरतेच, पण खेळणाऱ्याचाही जीव मोजला जातो, आणि तो मोजून वीस असतो.

मी वसईत मास्तर आहे. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत नववीतली दोन मुले चिंचेखालच्या पारावर पत्ते मांडून बसलेली दिसली. एकाच्या मामाने ते दुबईहून पाठवले होते. शेजारी वहीचे मागचे पान उघडे होते आणि त्यावर २०, १७, १६, ११, ९, ७ असे आकडे एकाखाली एक लिहून शेवटचा सोडून बाकीचे खोडलेले होते. वजाबाकी एवढी मन लावून करणारी मुले मी वर्गात पाहिली नव्हती.

"हे काय रे?" मी विचारले.

"लाइफ, सर."

"कोणाची?"

"माझी."

"आणि आता उरली किती?"

"सात," तो म्हणाला. आणि माझ्या देखत त्याने सात खोडून पाच लिहिले.

"हे कोणी मारले?"

"कोणी नाही सर. जमीन लगेच वापरायला हवी होती. दोन दिली."

वसईत जमिनीचे भाव कोठल्या कोठे गेले आहेत, हे मला ठाऊक होते. पण एका जमिनीसाठी स्वतःच्या आयुष्यातले दोन भाग हसत मोजून देणारा गृहस्थ मी प्रथमच पाहत होतो. मग मी त्या दोघांकडून तो खेळ शिकून घेतला. शिष्याने गुरूला शिकवावे, ही रीत जुनीच आहे.

खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. तो अमेरिकेत ऑगस्ट १९९३ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' ह्या कंपनीने बाजारात आणला. रचणारा रिचर्ड गारफील्ड हा गणिती. त्याच वर्षी त्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. आपल्या बावन्न पानांच्या कॅटात आणि ह्यात मोठा फरक असा, की येथे सर्वांचा एकच कॅट नसतो. प्रत्येकाने पाकिटे विकत घ्यायची, पाने जमवायची, अदलाबदल करायची आणि आपापला निदान साठ पानांचा कॅट बांधून यायचे. खेळणारा हा मांत्रिक आहे अशी कल्पना. काही पाने जमिनीची. त्यांतून शक्ती मिळते. त्या शक्तीच्या बळावर प्राणी बोलवायचे आणि मंत्र टाकायचे. प्राण्याच्या पानावर खालच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात : तो किती जोराने मारील आणि किती मार सोशील. तो चालून आला, की समोरच्याने आपला एखादा प्राणी आडवा घालावा. नाही घातला, तर तो घाव थेट खेळणाऱ्याला बसतो आणि तेवढे आकडे त्याच्या विसातून वजा होतात. शून्य झाले, की तो संपला.

आता ह्यातली गंमत पाहा. हे वीस कोणत्याही पानावर छापलेले नसतात. कॅट मुलाचा, पाने त्याची, पण त्याचा जीव मात्र कॅटाच्या बाहेर, वहीच्या मागच्या पानावर! कोणी त्यासाठी फासे ठेवतात, कोणी मणी. मुले त्याला 'लाइफ' म्हणतात. मी मनातल्या मनात प्राण म्हणतो. कारण तो शब्द मराठीत अनेकवचनीच शोभतो. आपण 'प्राण गेले' असेच म्हणतो, जणू ते मोजण्याइतके असतात.

वसईच्या माणसाला ही प्राणांची मोजदाद समजावून सांगायची, तर किल्ल्याकडे बोट दाखवावे. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चिमाजी आप्पांच्या फौजा ह्या तटाला भिडून होत्या. मोर्चे बांधले, सुरुंग लावले, काही उडाले, काही फसले, तटाला खिंडारे पडली, आणि तरी किल्ला एका दिवसात पडला नाही. आत माणसे, धान्य, दारूगोळा ह्यांची बाकी दररोज थोडी थोडी उतरत होती. मे महिन्यात ती इतकी उतरली, की पोर्तुगीजांनी तह करून किल्ला सोडला. खेळणारा हा असा किल्ला आहे. आणि ह्या उपमेत आणखी एक नेमकी गोष्ट बसते. दारू शिल्लक असेतो पडायला आलेल्या किल्ल्याच्या तोफा भरल्या किल्ल्याइतक्याच जोराने उडतात. मॅजिकमध्येही एकच प्राण उरलेला खेळाडू वीस प्राणांच्या खेळाडूइतकाच जोरकस डाव टाकू शकतो. त्याचे हात थरथरत नाहीत, पाने कमी होत नाहीत. विसापासून एकापर्यंत तो तोच असतो. एकाखाली गेला, की नसतो.

खेळाडूने स्वतःलाच पटावर मांडावे, ही कल्पना काही अमेरिकेत जन्मली नाही. कौरवसभेतले द्यूत आठवावे. युधिष्ठिराने धन लावले, राज्य लावले, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम ह्या क्रमाने भाऊ लावले आणि शेवटी स्वतःला लावून तो हरला. तेथे डाव संपायला हवा होता. संपला नाही, शकुनीने आठवण करून दिली आणि त्याने द्रौपदीला पणाला लावले. सभेत बोलावणे आले तेव्हा द्रौपदीने रडण्यापूर्वी एक प्रश्न विचारून पाठवला : राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? आजवर कीर्तनकारांनी ह्या प्रश्नाचा अर्थ नाना परींनी लावला आहे. मला त्यात एक अत्यंत रोखठोक नियमाचा मुद्दाही दिसतो. जो खेळाडू शून्यावर गेला, त्याला पुढची खेळी करण्याचा अधिकार आहे काय? भीष्मांना उत्तर देता आले नाही. विकर्णाने दिले, ते कोणी ऐकले नाही.

हा प्रश्न अमेरिकेतल्या त्या कंपनीलाही चुकला नाही, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. आरंभी मॅजिकचा नियम असा होता, की प्राण शून्यावर आले तरी खेळाडू त्या क्षणी हरत नसे. डावाचा चालू टप्पा संपेपर्यंत तो जिवंत धरला जाई. शून्याच्या खाली गेलेला माणूस त्या फटीत प्राण वाढवणारे पान टाकून पुन्हा वर येऊ शके. किंवा जाता जाता समोरच्यालाही घेऊन जाऊ शके. १९९९ मध्ये नियमांची सहावी आवृत्ती निघाली तेव्हा ती फट बुजवली. तेव्हापासून शून्य म्हणजे शून्य. मेलेल्याला फासे टाकता येत नाहीत. म्हणजे द्रौपदीच्या प्रश्नाचे उत्तर निदान एका खेळापुरते तरी लेखी मिळाले आहे, आणि ते विकर्णाच्या बाजूचे आहे.

तरी युधिष्ठिराचे जाणे एका फाशासरशी झाले. जीव थोडा थोडा, हप्त्याहप्त्याने जाण्याची ही रीत खेळात आली ती लष्कराकडून. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाचा अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये नकाशावर लढाई खेळण्याचा एक खेळ सिद्ध केला. बुद्धिबळात प्यादे एक तर असते किंवा नसते. पण खऱ्या लढाईत पलटण अशी नाहीशी होत नाही. तिच्यातले काही पडतात आणि उरलेले लढतात. म्हणून राइसविट्झने प्रत्येक तुकडीच्या नुकसानीचा वेगळा हिशेब ठेवला. पुढे अमेरिकेत फ्लेचर प्रॅट ह्या लेखकाने लढाऊ जहाजांचा खेळ रचला. जहाज जेवढे मोठे आणि चिलखत जेवढे जाड, तेवढे त्याचे गुण अधिक; गोळा लागला की गुण कमी. मोठ्या दिवाणखान्याच्या जमिनीवर इवलीशी जहाजे मांडून भली भली माणसे पालथी पडून हा खेळ खेळत.

जहाजांवरून हा हिशेब माणसावर आला तो १९७० नंतर. डेव्ह आर्नेसन नावाचा एक खेळवेडा अमेरिकन तरुण मित्रांना घेऊन तळघरातल्या राक्षसांशी लढण्याचा खेळ चालवीत असे. प्रथम त्यात एका घावात माणूस मरे. मित्र कुरकुरू लागले. इतक्या कौतुकाने नाव ठेवलेला, वाढवलेला वीर पहिल्याच फाशात मरावा, हे त्यांना रुचेना. तेव्हा आर्नेसनने आपल्या जुन्या जहाजी खेळातले गुण उचलून वीरांना लावले. माणूस जहाजासारखा भोके पडत पडत बुडू लागला. गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन ह्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये छापला गेला आणि तेथून ही मोजदाद जगभर पसरली. पुढे पडद्यावरच्या खेळांत हिरवी-तांबडी पट्टी बनून घरोघर आली. मला ह्या साऱ्या इतिहासात सर्वांत माणुसकीचे वाटते ते मित्रांचे कुरकुरणे. प्राणांचा आकडा जन्मला तो क्रौर्यातून नव्हे. आपला माणूस इतक्या लवकर जाऊ नये, ह्या हट्टातून.

गारफील्डने हे गुण प्राण्यांना तर दिलेच, पण खेळाडूलाही दिले. मात्र तो गणिती असल्यामुळे त्यात एक बाजारही शिरला. पहिल्याच संचात त्याने पाच पानांचे एक कुटुंब घातले. पाचांचीही किंमत सारखीच, एक शक्ती. आणि पाचांचे फळही तीनच्या मापाचे. त्यांतले 'लाइटनिंग बोल्ट' तीनचा घाव घालते, 'हीलिंग साल्व्ह' तीन प्राण परत देते, 'अॅन्सेस्ट्रल रिकॉल' तीन पाने हाती देते. कागदावर पाहिले तर सगळे भावंडांसारखे समान. प्रत्यक्षात तीन पाने देणारे पान खेळातल्या सर्वांत मोलाच्या पानांत गेले. तीनचा घाव घालणारे आजही मानाने वागवले जाते. आणि तीन प्राण देणारे बिचारे औषध कोणी कॅटात घेईना.

असे का व्हावे, हे मी त्या मुलालाच विचारले. तो म्हणाला, "सर, औषधाने आपण मरत नाही, पण जिंकतही नाही." नववीतल्या मुलाला ह्यापेक्षा नीट उत्तर देता येणार नाही. प्राण वाढवले, की मरण एक डाव पुढे जाते. डाव आपल्या बाजूला झुकत नाही. पाने हाती आली तर झुकतो.

मग १९९५ मध्ये 'आइस एज' नावाच्या संचात एक पान आले : 'नेक्रोपोटेन्स'. त्याचा करार सरळ होता. एक प्राण द्या, एक पान घ्या. हवे तितक्या वेळा. मात्र दर पाळीला फुकट मिळणारे पान बंद. प्रथम पुष्कळांनी हे पान टाकाऊ ठरवले. आपल्या हाताने आपला जीव कोण कमी करील? पण काहींनी हिशेब मांडला. विसापैकी एकोणीस प्राण कामाचे नसतात. शेवटचा एक तेवढा लाखमोलाचा. मग ते एकोणीस तिजोरीत कुजवण्यापेक्षा बाजारात का आणू नयेत? १९९६ च्या उन्हाळ्यात ह्या पानाने स्पर्धांमधून असा धुमाकूळ घातला, की त्या हंगामाला खेळाडू अजून 'काळा उन्हाळा' म्हणतात. तेव्हापासून ह्या खेळात प्राण ही ढाल राहिली नाही. ती रोकड झाली. पारावरच्या त्या मुलाने जमिनीपायी दिलेले दोन प्राण ही त्याच बाजारातली किरकोळ खरेदी.

येथे मला एका आईची आठवण सांगितली पाहिजे. पालकांच्या सभेनंतर ती मागे थांबली. रुग्णालयात परिचारिका आहे. म्हणाली, "सर, तुम्ही त्यांच्याबरोबर तो खेळ खेळता असं ऐकलं. खेळू दे, मला पत्त्यांचं काही नाही. पण हा रात्री जेवताना म्हणतो, आई, आज माझे दोनच उरले होते. मला ते ऐकवत नाही हो. मी दिवसभर आकडेच बघते."

तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. मुलाशी बोललो. तेव्हापासून तो घरी 'पॉइंट' म्हणतो आणि पारावर 'लाइफ'. ही तडजोड वाईट नाही. परंतु तिच्या बोलण्याने माझ्या डोक्यात एक निराळाच भुंगा सोडला. आकडा कमी होण्याचे मला विशेष वाटत नाही. तो भरून कोण देतो?

आता हुतूतूकडे येतो. ह्या खेळात सोंगटी नाही, पान नाही. खेळणारा स्वतःच मरतो, आणि प्राण म्हणजे जे खरे, तोच श्वास येथे मोजला जातो. चढाईला गेलेल्या गड्याने एका दमात 'हुतूतू' घोकीत शत्रूच्या अंगणात शिरावे, शिवावे आणि दम सुटायच्या आत मध्यरेषेला परत यावे. दम तुटला की मेला. पण मेलेल्याचे पुढे काय करायचे, ह्यावर आपल्या गावोगावच्या अंगणांत एकमत नव्हते. त्यातून खेळाचे तीन प्रकार झाले आणि त्यांना नावेही फार सुरेख पडली.

'अमर' ह्या प्रकारात कोणी बाहेर जातच नाही. गडी बाद झाला, की समोरच्यांना गुण मिळतो आणि मेलेला तेथेच उभा राहून खेळत राहतो. अशक्त मुलांना हा बरा. कोणाला बाहेर बसून धूळ मोजावी लागत नाही. पण मरणाची भीती गेली, की पकडीतली मजाही जाते. 'गामिनी'त ह्याच्या अगदी उलट. गेला तो गेला. आपल्या बाजूचा शेवटचा गडी बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याने बाहेरच बसायचे. वेळेचे बंधन नाही. दोन्ही बाजू दमदार असल्या तर डाव सरता सरत नाही.

तिसरा प्रकार 'संजीवनी'. खाडिलकरांच्या 'विद्याहरण' नाटकामुळे कच आणि शुक्राचार्यांची कथा मराठी घरांना चांगली परिचित आहे. दैत्य कचाला मारीत आणि शुक्राचार्य मुलीच्या हट्टाखातर त्याला उठवीत. विद्या गुरूजवळ होती, मेलेल्याजवळ नव्हे. खेळाला हे नाव ज्याने दिले, त्याला ही खूण नेमकी कळली होती. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला, की आपला एक मेलेला गडी उठतो. आणि उठण्याचाही क्रम ठरलेला : जो आधी मेला, तो आधी उठतो. पट्टीचा खेळाडू म्हणून मागचा पुढे येत नाही.

१९२१ च्या सुमारास महाराष्ट्रात हुतूतूच्या नियमांचा जो आराखडा झाला, त्यात संजीवनी आणि गामिनी ह्यांची सांगड घातली गेली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरवले तेव्हा त्या नियमांत सुधारणा झाल्या. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी हा खेळ करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला आणि हुतूतूचे नाव अधिकृत कागदांवर कबड्डी झाले. नऊचे सात गडी झाले, मातीची चटई झाली. इतके सगळे बदलले, तरी मेलेला उठतो हा संजीवनीचा नियम टिकला. आणि अख्खी बाजू मेली, की लोणाचे दोन अधिक गुण मोजून सगळेच पुन्हा उभे राहतात.

मी लहानपणी हुतूतू खेळलो तो मातीवर आणि बेताचाच. चढाईला गेलो की बहुधा मरत असे. म्हणून बाहेर बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. बाहेर बसलेला गडी काहीही करू शकत नाही. तो फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी श्वासाकडे डोळे लावून असतो. आतला आपला गडी शत्रूच्या अंगणात घुसलेला असतो, त्याचा चेहरा लाल होत असतो, आणि त्याने एकाला शिवून रेषा गाठली की मी उठणार असतो. तो माझ्यासाठी दम धरीत नसतो, हे खरे. डावासाठी धरीत असतो. पण उठतो मी.

पारावरच्या खेळात मला हे कोठे सापडेना. तेथे प्राण माझे, ते खर्च करणारा मी आणि एखादे औषधाचे पान असलेच तर तेही माझ्याच कॅटातले. बाहेरून कोणी येत नाही. मॅजिकच्या पाठोपाठ जे जमवण्याच्या पत्त्यांचे खेळ निघाले, त्यांचेही जीवनमरण मी मुलांकडून समजावून घेतले. जपानात १९९६ मध्ये निघालेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांत खेळणाऱ्याला प्राणच नाहीत. ते पानावरच्या प्राण्याला असतात, आणि तेही दहाच्या पटीत. पहिल्या संचातल्या पिकाचूला चाळीस, तर चारिझार्ड नावाच्या अग्निसर्पाला एकशेवीस. समोरचा एक प्राणी पाडला की आपण आधी उपडी मांडून ठेवलेल्या सहा बक्षिसी पानांतले एक उचलायचे; सहाही उचलली की जिंकलो. म्हणजे हे आपले सोंगट्यांचे जुनेच शहाणपण : मरेल ती सोंगटी. 'यू-गी-ओ'त प्रत्येकाला आठ हजार गुण. आकडा पाहून पोरे हुरळतात, पण घावही हजारांचेच असतात. पैशाचे मोल उतरले की पगार वाढतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात एक पान असे आहे, की ते टाकायला शिल्लक प्राणांतले निम्मे द्यावे लागतात. श्रीमंताला ते महाग आणि मरायला टेकलेल्याला स्वस्त. हा नियम करणाऱ्याला जगाची चांगलीच ओळख असली पाहिजे.

मला सर्वांत भावला तो २००२ मधला 'ड्युएल मास्टर्स'. त्यात प्राण आकड्यांत नसतातच. आपल्याच कॅटातली पाच पाने ढाली म्हणून उपडी मांडायची. शत्रूने ढाल फोडली, की ते पान फुकट जात नाही. आपल्या हातात येते. कधी कधी ते पान असे निघते, की काही खर्च न करता तेथल्या तेथे उलटा वार करता येतो. घाव बसला, की हात भरतो. ही संजीवनीची चुलतबहीण खरी. पण येथेही हात भरतो तो आपल्याच पानाने.

मग ह्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या मुलांनी मला मॅजिकचा आणखी एक प्रकार दाखवला. नाव त्याचे 'टू-हेडेड जायंट', म्हणजे दोन डोक्यांचा राक्षस. चौघांचा खेळ, दोघे विरुद्ध दोघे. प्रत्येकाचा कॅट वेगळा, हातातली पाने वेगळी, जमिनी वेगळ्या. पण पाळी दोघांची एकदम येते आणि प्राण दोघांत मिळून एकच : तीस. घाव कोणालाही बसो, वजाबाकी त्या एकाच आकड्यातून. औषध कोणीही टाको, भर त्यातच. दोघांपैकी एक जरी कोणत्याही कारणाने हरला, तरी दोघेही हरले.

मी पारावर एक संपूर्ण डाव बसून पाहिला. पाऊस नुकताच थांबला होता आणि चिंचेवरून थेंब पानांवर पडत होते, म्हणून त्यांनी खाली रेनकोट अंथरला होता. वहीत आता दोनच रकाने होते. ज्याने माझ्या देखत दोन प्राण देऊन जमीन घेतली होती, त्याच्या हाती ती जमीन पुन्हा आली. खेळाच्या नियमाप्रमाणे अशा खर्चाला जोडीदाराची परवानगी लागत नाही. तीस केव्हाच संपत आले होते. वहीत शेवटचा आकडा सहा होता. त्याने पेन्सिल उचलली, आणि खोडण्यापूर्वी शेजारच्याकडे पाहून विचारले, "देऊ का रे दोन?"

शेजारचा बराच वेळ आपली पाने पाहत राहिला. मग म्हणाला, "एक पाळी थांब."